दोन दिवस तरी

शेततळं फुटलं आणि पाणी खालच्या अंगाच्या द्राक्षबागेत शिरलं. वरच्या शेतकऱ्याने हयगय केली नव्हती. कागद चांगल्या प्रतीचा अंथरला होता, बांध नीट दाबून घेतला होता. पण आदल्या रात्री कुणा तिऱ्हाइताने, शेतकऱ्याच्या नकळत, बांधाला भगदाड पाडलं. बागेचं नुकसान कोणी भरून द्यायचं?

माझ्या भाचीने क्षणभरही न थांबता 'ए'वर खूण केली. शेतकऱ्यानेच, आणि त्याची कुठलीही सबब चालणार नाही. बरोबर उत्तर 'सी' होतं. शेतकऱ्यावर जबाबदारी येत नाही, कारण नुकसान तिऱ्हाइताच्या कृत्याने झालं.

"आत्या, हे उत्तर चूक आहे," ती म्हणाली. "एम. सी. मेहताच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, अपवाद चालतच नाहीत. आम्हाला शिकवलंय."

"उताऱ्यात आहे का ते?"

"उताऱ्यात नाहीये. पण खरं आहे ना?"

त्या 'पण खरं आहे ना'पाशी आम्ही दोघी जवळजवळ महिनाभर अडकलो होतो.

ती बारावीला होती आणि डिसेंबरात क्लॅट, म्हणजे कायद्याच्या पदवीची प्रवेश परीक्षा, द्यायची होती. मी तालुक्याच्या कोर्टात दिवाणी कामं बघते. संध्याकाळी पक्षकार गेले की ती वही घेऊन माझ्या ऑफिसात यायची, आणि टेबलावरच्या फायली एका बाजूला सारून आम्ही उतारे वाचायचो. शेततळ्याचा प्रश्न मीच रचला होता. आमच्या भागात प्रत्येकाने शेततळं पाहिलेलं असतं, त्यामुळे निदान पाणी, बांध आणि उतार तरी तिला परके वाटणार नाहीत, एवढाच हेतू. उतारा मात्र खऱ्या कायद्यावर बेतला होता. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या एका गिरणीमालकाने पाण्याचा तलाव बांधून घेतला. खाली कोळशाच्या जुन्या, बंद पडलेल्या खाणींची भुयारं होती. पाणी त्यांतून शेजाऱ्याच्या चालू खाणीत गेलं. १८६८ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला: निसटली तर उपद्रव करील अशी वस्तू जो आपल्या जमिनीत, जमिनीच्या स्वाभाविक वापराबाहेर जाऊन, आणून साठवतो, त्याने ती स्वतःच्या जोखमीवर सांभाळायची. काळजी घेतली होती एवढं म्हणून तो सुटत नाही. मात्र या तत्त्वाला अपवाद आहेत. दैवी आपत्ती, फिर्यादीची स्वतःची चूक, तिऱ्हाइताचं कृत्य. उताऱ्याच्या शेवटच्या परिच्छेदात हे अपवाद दिलेले होते.

भाचीला आठवलं ते दुसरंच. १९८५ च्या डिसेंबरात दिल्लीच्या एका कारखान्यातून ओलियम वायू गळला. भोपाळला जेमतेम वर्ष झालं होतं. पुढच्या वर्षी डिसेंबरात सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलं की जे उद्योग मुळातच धोकादायक काम करतात, त्यांची जबाबदारी निरपवाद आहे आणि इंग्लंडमधल्या त्या जुन्या तत्त्वाचे अपवाद त्यांना मिळणार नाहीत. भाचीने सांगितलं ते खरंच होतं. ते शेततळ्याला लागू पडत नाही ही पुढची गोष्ट झाली. त्याआधीची गोष्ट अशी की त्या उताऱ्यात त्यातला एकही शब्द नव्हता. तिने शेवटचा परिच्छेद वाचला होता, मी विचारल्यावर तिने तो जवळजवळ तोंडपाठ सांगितलासुद्धा. पण उत्तर देताना तो तिच्या नजरेसमोर नव्हता. तिथे तिला आधीपासून माहीत असलेलं उत्तर उभं होतं.

या परीक्षेची घडण थोडी सांगायला हवी. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी ही सामाईक परीक्षा २००८ पासून होते. पहिली बरीच वर्षं दोनशे प्रश्न असायचे आणि पाठांतराला मोल होतं. २०२० पासून सगळा पेपर उताऱ्यांवर आला. आधी दीडशे प्रश्न, आणि २०२४ च्या प्रवेशांसाठी झालेल्या परीक्षेपासून १२० मिनिटांत १२० प्रश्न. इंग्रजीचे २२ ते २६, चालू घडामोडींचे २८ ते ३२, कायद्याच्या तर्काचे २८ ते ३२, साध्या तर्काचे २२ ते २६ आणि गणिताचे १० ते १४. गणितसुद्धा उताऱ्यातली आकडेवारी वाचूनच करायचं. उतारा साधारण साडेचारशे शब्दांचा, त्यावर चार ते सहा प्रश्न. पाच प्रश्नांना पाच मिनिटं धरली, तर मिनिटाला दोनशे शब्द वाचणाऱ्या मुलीची सव्वादोन मिनिटं नुसत्या वाचनात जातात. उरलेल्या पावणेतीन मिनिटांत पाच प्रश्न, प्रत्येकाचे चार पर्याय. चुकलं की पाव गुण वजा. कायद्याच्या विभागासाठी कायद्याचं पूर्वज्ञान लागत नाही, असं परीक्षा घेणारेच सांगतात. मुलांचा त्यावर विश्वास बसत नाही. कायद्याच्या परीक्षेला कायदा लागत नाही, हे कसं पटावं?

पण मला ते पहिल्या दिवसापासून पटलं होतं, आणि त्याला कारण एक वाटणीपत्र आहे.

वकिलीच्या दुसऱ्या वर्षी एक म्हातारे गृहस्थ आले होते. दोघे भाऊ, वडिलांच्या हयातीत झालेली वाटणी, विहीर सामाईक. ते धाकटे. थोरल्याची मुलं आता आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा जास्त पाणी घेऊ देत नव्हती. यांना उन्हाळ्यात तिसरा दिवस हवा होता, भुईमूग करायचा होता. त्यांनी सातबारा आणला होता आणि वाटणीपत्राची प्रत आणली होती. मी आधी सातबारा पाहिला. इतर हक्कांत नोंद होती: विहिरीचे पाणी आठवड्यातून दोन दिवस. मग वाटणीपत्र वाचलं. एकदा नाही, तीन वेळा वाचलं. आणि त्यांना सांगितलं, "काका, तुमचा हक्क दोनच दिवसांचा आहे. दावा लावून उपयोग नाही." ते "बरं बाई" म्हणाले, टोपी नीट केली आणि गेले.

माझे सीनियर प्रत्येक कागद मोठ्याने वाचायचे. छापील असो, हस्तलिखित असो, आपण लिहिलेला असो की समोरच्याने. ऑफिसात आलेल्या माणसांना त्याची सवय झाली होती. महिना-दीड महिन्याने ती प्रत त्यांच्या हाती लागली आणि ते वाचत गेले. चतुःसीमा, झाडं, गोठा, मग विहीर. "...धाकट्याने आठवड्यातून दोन दिवस तरी पाणी घ्यावे, थोरल्याने हरकत करू नये." इथे ते थांबले. पुन्हा वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "हे 'तरी' कुठे गेलं?"

'तरी' कागदावरच होतं. तीन वाचनांत मला ते एकदाही दिसलं नव्हतं, कारण मी सातबारा आधी वाचला होता आणि सातबाऱ्यात ते नव्हतं. 'दोन दिवस' म्हणजे दोन दिवस. 'दोन दिवसच' म्हणजे त्याहून जास्त नाही. आणि 'दोन दिवस तरी' म्हणजे त्याहून कमी नाही. त्या दोन अक्षरांनी तिसरा दिवस आपोआप मिळतो असं नाही, पण तो बंदही होत नाही. वाद मांडायला जागा राहते. ती जागा मी त्या माणसाला नाही म्हणून सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी एसटीने त्यांच्या गावी गेले. ते ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं आणि क्षमा मागितली. ते रागावले नाहीत. "तुम्ही दोनच म्हणालात म्हणून पेरला नाही औंदा," एवढंच म्हणाले. विहिरीपलीकडे त्यांचं ते रान मोकळं पडलं होतं, तापलेलं, ढेकळांचं. वीस-बावीस वर्षं झाली, ते रान मला अजून दिसतं.

हे मी भाचीला त्या महिनाभराच्या भांडणाच्या शेवटी सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने वहीच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने 'तरी' लिहिलं आणि त्याभोवती चौकोन काढला.

तिथून आमच्या वाचनाची पद्धत बदलली. इंग्रजी उतारा वाचताना ती समासात मराठी अव्ययं लिहू लागली. वाक्यात 'ओनली', 'सोल', 'नन बट' असलं काही आलं की समासात 'च'. 'अॅट लीस्ट' आलं की 'तरी'. 'ऑल्सो', 'ईव्हन' आलं की 'ही'. 'हाऊएव्हर', 'येट', 'नेव्हरदलेस' आलं की 'पण', आणि त्याखाली दोन रेघा, कारण लेखक तिथे वळतो आणि बहुतेक वेळा त्याचं खरं म्हणणं वळणानंतर येतं. 'अनलेस' तिला सतत चकवायचं. "अनलेस नोटीस इज गिव्हन" हे ती "नोटीस दिली तर" असं घाईत वाचून जायची आणि अख्खा नियम उलटा व्हायचा. तिने त्यासाठी 'शिवाय' हा शब्द धरला. नोटीस दिल्याशिवाय नाही. मराठीत वाक्य बसलं की नियम सुलटा झाला.

यात मला फार गंमत वाटायची, कारण ही अव्ययं आपण बोलताना किती सहज आणि किती अचूक वापरतो! आई लेकराला "एकच लाडू घे" म्हणते आणि "एक तरी लाडू घे" म्हणते, तेव्हा तीन वर्षांच्या मुलालाही दोन्हींतला फरक कळतो. ज्या भाषेत तो फरक कानाला इतका स्वच्छ कळतो, ती भाषा परीक्षेच्या खोलीबाहेर ठेवायची काहीच गरज नाही. भाचीला वर्षभर सांगण्यात येत होतं की इंग्रजीतच विचार कर. मी तिला ते सोडायला सांगितलं. उतारा इंग्रजीत वाच, नियम मराठीत तोलून बघ, पर्याय पुन्हा इंग्रजीत वाच. वेळ जातो का? सुरुवातीला जातो. दोन-अडीच महिन्यांनी समासातली अक्षरं तिला लिहावीही लागेनात.

'मे' आणि 'शॅल' यांचंही तसंच. कायद्याच्या मराठी अनुवादात 'शॅल'ला 'करील' आणि 'मे'ला 'करू शकेल' असं असतं, आणि त्या 'शकेल'वर खटले चालतात. 'प्रोव्हायडेड दॅट'ने सुरू होणाऱ्या वाक्याला, म्हणजे मुख्य नियमाला जोडलेल्या अटीला किंवा अपवादाला, आपण परंतुक म्हणतो. 'नॉटविथस्टँडिंग' म्हणजे 'काहीही अंतर्भूत असले तरी', म्हणजे पुढे जे येतंय ते मागच्या सगळ्यावर मात करणार आहे. कठीण प्रश्न जवळजवळ नेहमी परंतुकात दडलेला असतो. मुख्य नियम सगळ्यांना समजतो. प्रश्न रचणाऱ्यालाही ते माहीत असतं, म्हणून तो प्रसंग असा बांधतो की मुख्य नियम लावला तर एक आकर्षक उत्तर येतं आणि परंतुक वाचलं तर दुसरं.

चुकीच्या पर्यायांचेही स्वभाव असतात, आणि ते ओळखू यायला लागले की अर्धी भीती जाते. एक पर्याय असतो जो जगात खरा असतो पण उताऱ्यात नसतो. मेहता खटल्याचा पर्याय तसा होता. एकाचा पूर्वार्ध अगदी बरोबर असतो आणि उत्तरार्धात कारण बदललेलं असतं, आणि पूर्वार्धावर खूश होऊन आपण पुढे वाचतच नाही. एखाद्यात उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे असतात, पण कर्ता आणि कर्म उलटलेले असतात. आणि एखाद्यात लेखकाने 'काही' म्हटलेलं असतं तिथे 'सर्व' येतं. हा शेवटचा भाचीला सर्वांत जास्त फसवायचा. ती स्वभावाने ठाम आहे, तिला ठाम वाक्यं आवडतात. "ठाम पर्यायाला ठाम पुरावा मागायचा," मी तिला म्हणायचे. "कोर्टात मागतात तसा. कुठल्या ओळीत आहे, बोट ठेव." बोट ठेवता आलं तरच खूण. हा नियम आम्ही शेवटपर्यंत पाळला, आणि मला विचाराल तर बाकी सगळे नियम विसरले तरी चालतील इतका तो पुरेसा आहे.

इंग्रजीच्या विभागात लेखकाचा सूर विचारतात. तिथे एका शब्दाने आम्हाला एक अख्खी संध्याकाळ घेतली. लेखकाचा पाठिंबा 'क्वालिफाइड' आहे, असा एक पर्याय होता. भाचीने तो लगेच खोडला. क्वालिफाइड म्हणजे पात्र, शिकलेला. लेखक शिकलेला आहे हा काय सूर झाला? पण इथे त्याचा अर्थ 'सशर्त'. पाठिंबा आहे, पण राखून आहे. कायद्याच्या इंग्रजीत असे ओळखीचे चेहरे घेऊन आलेले अनोळखी शब्द पुष्कळ. 'सँक्शन' म्हणजे मंजुरीही आणि शिक्षाही. 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेखही आणि नजरचूकही. 'कन्सिडरेशन' म्हणजे करारातला मोबदला, जो आपण खरेदीखतात 'भरणा' म्हणून लिहितो. अवघड शब्द अडला तर निदान कळतं की तो अडला आहे, आणि मग माणूस आजूबाजूच्या वाक्यांतून अर्थ काढतो. ओळखीचा शब्द अडल्याचं कळत नाही. म्हणून तो जास्त धोक्याचा.

साडेचारशे शब्दांचा दाट उतारा, म्हणजे घटनेतली अधिकारविभागणी, हवामानाचा करार, एखाद्या तत्त्वज्ञाचा स्वातंत्र्याबद्दलचा युक्तिवाद, पहिल्या वाचनात हाती लागत नाही. भाची पहिल्या दोन वाक्यांतच घाबरायची आणि तीच दोन वाक्यं चार-चार वेळा वाचत बसायची. इथे मला सीनियरांनी शिकवलेली एक जुनी गोष्ट कामाला आली. त्यांना मीमांसकांचा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावायचे नियम बसवणाऱ्या जुन्या शास्त्रकारांचा, एक श्लोक पाठ होता, ग्रंथाचं तात्पर्य कसं ठरवायचं ते सांगणारा:

उपक्रमोपसंहारावभ्यासोऽपूर्वता फलम् ।
अर्थवादोपपत्ती च लिङ्गं तात्पर्यनिर्णये ॥

तो त्यांना गीतारहस्यामुळे माहीत होता. टिळक स्वतः कायदा शिकलेले, पुण्यात त्यांनी कायद्याचे वर्गही चालवले होते, आणि मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी गीतेचं तात्पर्य शोधायला घेतलं तेव्हा आधी तात्पर्य शोधायची कसोटी कोणती हे सांगण्यासाठी हा श्लोक पुढे ठेवला. सीनियर म्हणायचे, हा श्लोक वाटणीपत्रालाही चालतो. मी तो भाचीसमोर उताऱ्याला लावून पाहिला, आणि तो इतका चपखल बसला की मला स्वतःलाच भरून आलं.

उपक्रम आणि उपसंहार म्हणजे सुरुवात कुठून केली आणि शेवट कुठे झाला. पहिलं आणि शेवटचं वाक्य शेजारी ठेवून बघ, ती दोन कुठे सहमत आहेत आणि प्रवासात काय बदललं. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा काय आलं. शब्द बदलून तीच गोष्ट तिसऱ्यांदा येत असेल, तर लेखकाला तीच सांगायची आहे. अपूर्वता म्हणजे यात नवं काय. सगळे म्हणतात त्यापेक्षा हा वेगळं काय म्हणतोय. फल म्हणजे हे मान्य केलं तर पुढे काय होईल. उपपत्ती म्हणजे त्यासाठी दिलेली कारणं. आणि राहिला अर्थवाद. मीमांसकांच्या भाषेत स्तुती, निंदा, दाखले, मूळ विधानाला उठाव देणारा मजकूर. तो खोटा नसतो, पण तो मुद्दाही नसतो. उताऱ्यात लेखक एखादं रंगतदार उदाहरण देतो, जहाजाचं, साथीच्या रोगाचं, एखाद्या राजाचं, आणि ते आपल्या मनात इतकं ठसतं की 'उताऱ्याचा मुख्य विषय कोणता' या प्रश्नाला आपण जहाज निवडतो. भाची त्या दिवसापासून उदाहरणाला बारीक कंस करून वर 'अ' लिहायला लागली. अर्थवादाचा 'अ'. वर्गात मैत्रिणी विचारायच्या, हा 'अ' कसला, तर ती त्यांना श्लोक म्हणून दाखवायची.

आमच्या कोर्टात मराठीत निकालपत्र लिहिताना 'मुद्दे' आणि 'निष्कर्ष' यांच्याखाली 'कारणमीमांसा' असा मथळा असतो. वर्षानुवर्षं मी तो शब्द वाचत होते. त्यातली मीमांसा कुठून आली, याचा विचार मी भाचीला शिकवताना पहिल्यांदा केला.

सरावाला उतारे कमी पडायला लागले तेव्हा तिने अमेरिकेच्या एलसॅटचे जुने उतारे मिळवले. तिकडच्या कायदा महाविद्यालयांची ती प्रवेश परीक्षा. तिच्यात वाचनाच्या विभागाला ३५ मिनिटं असतात, उताऱ्यांचे चार संच, आणि चुकीला गुण कापत नाहीत. उतारे मात्र आपल्यापेक्षा घट्ट विणलेले. २००७ पासून त्यात एक संच दोन छोट्या उताऱ्यांचा असतो, एकाच विषयावर दोन लेखक. प्रश्न असा येतो की दोघे कशावर सहमत होतील, पहिल्याच्या कुठल्या विधानाला दुसरा हरकत घेईल. भाचीला ते भयंकर वाटलं. मला ते घरचं वाटलं, कारण आमचं रोजचं काम तेच आहे. वादीचा दावा असतो आणि प्रतिवादीचं म्हणणं असतं. म्हणण्यात परिच्छेदवार लिहिलेलं असतं: हा मजकूर कबूल आहे, हा मजकूर खरा नाही व कबूल नाही. जे कबूल आहे त्यावर वादच नाही. जे नाकबूल आहे त्यातूनच मुद्दे निघतात. आणि ज्याबद्दल दुसरा गप्प आहे, त्याबद्दल तो सहमत आहे असं उताऱ्यात धरायचं नाही. मी तिला एका मिटलेल्या जुन्या दाव्यातली नावं झाकून दोन्ही कागद वाचायला दिले. दोन रकाने पाड, कबूल आणि नाकबूल. तिने पाडले. त्यानंतर जोडउतारे तिला आवडायलाच लागले.

पाव गुण वजा होण्याबद्दल मुलं फार धास्तावलेली असतात, म्हणून तेवढं सांगते. काहीच कळलं नसेल तर प्रश्न सोडावा, त्यावरचा वेळ वाचतो. पण चारांतले दोन पर्याय कारण देऊन खोडता आले असतील, तर उरलेल्या दोहोंतला एक निवडावा. असं चार वेळा केलं तर सरासरीने दोन बरोबर येतील आणि दोन चुकतील. दोन गुण आले, अर्धा गेला.

एक गोष्ट मात्र मला सलते आणि ती लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आमच्या तालुका कोर्टाचं काम मराठीत चालतं. उच्च न्यायालयाची भाषा घटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदाप्रमाणे इंग्रजी. राज्याची कायद्याची सीईटी मराठीतून देता येते आणि तिच्यात चुकीला गुणही कापत नाहीत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या तिन्ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांत जायचं तर मात्र क्लॅट, आणि ती फक्त इंग्रजीत. ती प्रादेशिक भाषांतही व्हावी म्हणून २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिकाही झाली. वाचनाची ताकद तपासायची आहे, तर ती ताकद ज्या भाषेत माणसाला आहे त्या भाषेत का तपासू नये? ज्या मुलीला 'च' आणि 'तरी' यांतला फरक झोपेतही कळतो, तिला वाचता येत नाही असं कुणी कसं म्हणावं? पुढे तिला इंग्रजी निकालपत्रं वाचावी लागतील हे मला मान्य आहे. त्यासाठी पाच वर्षं आहेत. दारातच तिला उभं करू नका, एवढंच माझं म्हणणं आहे आणि ते मी पूर्ण जबाबदारीने दाखल करते.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी मी थकले होते. दिवसभर एका जमिनीच्या दाव्यात उलटतपासणी झाली होती. तिने एक प्रश्न माझ्यापुढे ठेवला, मी उतारा वाचला आणि 'बी' म्हटलं. ती म्हणाली, "आत्या, बोट ठेव." मी शोधलं. ओळ सापडली, पण तिच्यात लेखकाने 'मेनी' म्हटलं होतं आणि 'बी'मध्ये 'मोस्ट' होतं. पुष्कळ आणि बहुतेक. मी तिच्या वयाची असताना मला हे कुणी दाखवलं असतं तर, असं माझ्या मनात आलं. मी तिच्याकडून उतारा घेऊन पुन्हा पहिल्यापासून वाचला, मोठ्याने.

परीक्षा डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी, दुपारी दोन ते चार, पुण्यात. भाऊ शेतातल्या कामांच्या गडबडीत होता, म्हणून मीच तिला घेऊन गेले. सकाळच्या एसटीने निघालो. खंबाटकी ओलांडली तसं तिने पाठ करायला म्हणून आणलेली वही मिटली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. केंद्राबाहेर आईबाप झाडाखाली उभे होते, कुणी पाण्याच्या बाटल्या धरून, कुणी माळ धरून. दोन तास मी तिथल्या फुटपाथवर बसून एका अपिलाचे कागद वाचायचा प्रयत्न केला. एक पानही पुढे सरकलं नाही.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या बोटांना काळ्या शाईचे डाग होते. पेपर कसा गेला हे मी विचारलं नाही. स्वारगेटला कांदाभजी घेतली, बस लागली, आम्ही बसलो. कात्रजचा बोगदा गेल्यावर ती आपणहून बोलायला लागली.

"एका प्रश्नात मला केसचं नावसुद्धा माहीत होतं, आत्या."

"मग?"

"उताऱ्यात तो भाग नव्हता. होता असं वाटलं, म्हणून परत वाचला. नव्हताच." तिने भज्यांचा कागद चुरगाळून मुठीत धरला. "सोडलं ते उत्तर. उताऱ्यातलं दिलं."

मी मान हलवली. बाहेर अंधार पडायला लागला होता आणि शिवापूरच्या पुढे गाड्यांची रांग लागली होती. ती बराच वेळ गप्प होती. मला वाटलं झोपली.

"त्या आजोबांनी नंतर पेरला का भुईमूग?" तिने विचारलं.

"पुढच्या वर्षी पेरला," मी म्हटलं. "दावा लावावाच लागला नाही. दोघं भाऊ आमच्या ऑफिसात समोरासमोर बसले, सीनियरांनी वाटणीपत्र त्यांना वाचून दाखवलं. थोरल्यांनी ते वाक्य दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, आबांनीच लिहिलंय तर घे उन्हाळ्यात तीन दिवस."